वयाचा दाखला आणि विचाराचें स्वातंत्र्य

घरांतील लहान मुलाच्या हातीं काय पडावें आणि काय पडूं नये, हा प्रश्न प्रत्येक पिढीच्या वडीलधाऱ्या मंडळींस पडत आलेला आहे. आमच्या लहानपणीं तो कपाटाच्या किल्लीनें सुटत असे. जें पुस्तक मुलांनीं वाचावयाचें नाहीं तें वरच्या फळीवर जाई, आणि किल्ली आजोबांच्या जानव्यास असे. आतां मोबाइल आला आणि कपाट, फळी व किल्ली या तिन्ही गोष्टी एकदमच निरुपयोगी ठरल्या. तेव्हां नवी किल्ली घडवून देण्याचें काम निरनिराळ्या देशांच्या सरकारांनीं अंगावर घेतलें आहे. इंटरनेटवर कांहीं पाहण्यापूर्वीं अथवा लिहिण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें वय सिद्ध करून दाखवावें, अशा आशयाचे कायदे अलीकडे एकामागून एक होत आहेत. त्यांचे पुरस्कर्ते म्हणतात, हे मुलांच्या रक्षणासाठीं आहेत; त्यांचे टीकाकार म्हणतात, यांनीं प्रौढांच्या वाचनास व वाणीस बेडी पडते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, आणि आपल्या देशांतही हा प्रश्न दाराशीं येऊन ठेपला आहे. म्हणून या महिन्यांत त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हकीकत पाहूं. ब्रिटनमध्यें ‘ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट’ हा कायदा ऑक्टोबर २०२३ मध्यें मंजूर झाला, आणि मुलांच्या संरक्षणाचीं त्यांतील बंधनें २५ जुलै २०२५ पासून अंमलांत आलीं. अश्लील चित्रें, आत्महत्येस प्रवृत्त करणारा मजकूर, अशा गोष्टी अठरा वर्षांखालील मुलांच्या दृष्टीस पडूं नयेत, एतदर्थ वयाची परिणामकारक पडताळणी करावी, असा त्या कायद्याचा दंडक आहे. तो मोडणाऱ्या कंपनीस १ कोटी ८० लक्ष पौंड किंवा तिच्या जगभरच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, यांपैकीं जी रक्कम मोठी असेल तेथपर्यंत दंड होऊं शकतो. ऑस्ट्रेलियानें त्याहून पुढचें पाऊल टाकलें. नोव्हेंबर २०२४ मध्यें तेथें कायदा झाला, आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब इत्यादि ठिकाणीं स्वतःचें खातें ठेवण्यास बंदी झाली. दंड मुलांस किंवा आईबापांस नाहीं. तो कंपन्यांस, आणि ४ कोटी ९५ लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लुइझियाना राज्याचा अश्लील संकेतस्थळांविषयींचा कायदा १ जानेवारी २०२३ रोजीं सुरू झाला, आणि टेक्सासादि अनेक राज्यांनीं त्याचा कित्ता गिरविला.

या कायद्यांमागची कळकळ खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्यानें आपलें आयुष्य वर्गांत घालविलें त्यास तें म्हणवणार नाहीं. बारा वर्षांचें मूल जें पाहतें तें त्याच्या मनांत ठसा उमटवून जातें, आणि आज त्याच्यापुढें जें येतें त्याची निवड त्याचे शिक्षक करीत नाहींत, आईबाप करीत नाहींत. तें मूल जितका अधिक वेळ कांचेला डोळे लावून बसेल तितका ज्यांचा नफा अधिक, ते करतात. वयाचा विचार करून कांहीं दारें बंद ठेवणें हेंही आपणांस नवें नाहीं. सिनेमागृहाच्या दारावर ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटास पोरांना अडविणारा द्वारपाल आपण सर्वांनीं पाहिला आहे, आणि त्यानें कोणाच्या स्वातंत्र्याचा घात केला असें कोणी म्हटलें नाहीं. मग हाच द्वारपाल इंटरनेटच्या दाराशीं उभा केला तर बिघडलें कोठें?

सारें मर्म या प्रश्नांत आहे. सिनेमागृहाचा द्वारपाल मिशा पाहतो, मान हलवितो आणि पुढच्या क्षणीं विसरून जातो. तो तुमचें नांव विचारीत नाहीं, घरचा पत्ता विचारीत नाहीं, तुम्ही मागच्या महिन्यांत कोणता चित्रपट पाहिला हें वहींत लिहून ठेवीत नाहीं. यंत्राच्या दाराशीं असा विसराळू द्वारपाल मिळणें कठीण. ओळखपत्राचें छायाचित्र, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, क्रेडिट कार्ड, बँकेकडील माहिती, मोबाइल कंपनीकडील नोंद, असे मार्ग ब्रिटनमध्यें मान्य झाले आहेत. त्यांतील चेहऱ्याचा मार्ग सर्वांत सौम्य म्हणून सांगतात. परंतु सतरा आणि एकोणीस यांतील भेद चेहऱ्यावरून खात्रीनें कोणास सांगतां येईल? यंत्राला शंका आली कीं तें ओळखपत्र मागतें. संस्कृतांत घट्टकुटीप्रभात नांवाचा एक न्याय आहे. जकात चुकवावी म्हणून एक मनुष्य रात्रभर आडवाटेनें चालला, आणि उजाडतां पाहतो तों नेमका जकातनाक्यापुढेंच उभा! नांव न विचारतां केवळ वय विचारूं असें म्हणून निघालेला हा प्रवास बहुधा असाच ओळखपत्रापाशीं येऊन संपतो.

आणि मुलांस ओळखून काढावयाचें म्हणजे परीक्षा सर्वांचीच घ्यावी लागते. शंभर माणसांतून दहा मुलें बाजूस काढावयाचीं तर उरलेल्या नव्वदांनींही आपापले दाखले दाखविलेच पाहिजेत. ही मुलांवरची मर्यादा दिसते खरी, पण तिचा पहिला बोजा प्रौढांवर पडतो. हे दाखले पुढें कोणाच्या हातीं जातात, याचें उदाहरणही ताजें आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें ‘डिस्कॉर्ड’ या कंपनीनें जाहीर केलें कीं, तिचें काम पाहणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेकडून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचीं छायाचित्रें परक्यांच्या हातीं गेलीं असावींत. तीं वयाविषयींच्या तक्रारींचा निकाल लावण्यासाठींच मागून घेतलेलीं होतीं. उलट ज्यांस अडवावयाचें त्या पोरांनीं काय केलें? कोणीं एका व्हिडिओ गेममधील पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढें धरून यंत्रास फसविलें. आणि आपण दुसऱ्याच देशांतून बोलत आहों असें भासविणाऱ्या ‘व्हीपीएन’ या साधनाची मागणी ब्रिटनमध्यें त्या आठवड्यांत अनेक पटींनीं वाढली. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा.

कोणी म्हणेल, दाखला दाखविण्यानें बोलण्याचें स्वातंत्र्य कसें जातें? ज्यास लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्यानें भ्यावें कशास? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण आमच्या वाचकांनीं आपल्याच भाषेचा इतिहास थोडा आठवावा. १८४८ ते १८५० या काळांत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत आपल्याच समाजाचे दोष निर्भीडपणें दाखविणारीं शंभरावर पत्रें प्रसिद्ध झालीं. त्यांखालीं सही होती ‘लोकहितवादी’. लेखक गोपाळ हरि देशमुख हे सरकारी चाकरींतले गृहस्थ. टोपणनांवाची ती ओढणी नसती, आणि प्रत्येक पत्राबरोबर लेखकाच्या नांवागांवाचा दाखला कोठेंतरी जमा करावा लागता, तर तीं पत्रें त्याच धारेनें लिहिलीं गेलीं असतीं काय? निनांवी लेखनाच्या आडून शिवीगाळ होते हें आम्ही जाणतों. परंतु दुर्बळाला बलिष्ठाविरुद्ध बोलण्यास कित्येकदां तेवढाच एक आडोसा असतो, हेंही तितकेंच खरें.

बोलण्याचें जें, तेंच वाचण्याचें आणि विचारण्याचें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें, आणि संततिनियमन व कामजीवन यांविषयीं उघड लिहिण्याचें व्रत १९५३ पर्यंत चालविलें. वाचकांच्या प्रश्नांस त्यांत दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं न्यायालयांत मांडली. तथापि दंड झालाच. आज तींच उत्तरें कोणताही सुशिक्षित वैद्य देईल. या इतिहासाचे दोन बोध आहेत. एक, ‘अपायकारक’ हा शब्द रबरासारखा आहे. एका पिढीचें अश्लील तें दुसऱ्या पिढीचें आरोग्यशास्त्र होतें. दुसरा, जे प्रश्न घरांत विचारतां येत नाहींत त्यांनाच बाहेर उत्तराची गरज असते. कर्व्यांस पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकास सोबत वयाचा आणि नांवाचा दाखला जोडावा लागता, तर कितीजणांनीं पत्र पेटींत टाकलें असतें?

ब्रिटनमध्यें याचा पडताळा लगेच आला. कायदा अंमलांत आल्यावर युद्धाच्या बातम्या आणि सार्वजनिक चर्चेचा मजकूरही वयाच्या पडद्याआड गेल्याच्या तक्रारी झाल्या. हें अपेक्षितच होतें. चुकून एखादी गोष्ट दिसूं दिली तर कोट्यवधींचा दंड, आणि चुकून झांकली तर कांहींच नाहीं. अशा स्थितींत व्यापारी बुद्धि झांकण्याकडेच वळणार. मोठ्या कंपन्या वकील ठेवतात आणि दंडाची तरतूद करतात; पण छंद म्हणून फावल्या वेळांत चालविलेल्या कित्येक लहान चर्चामंडळांनीं हा भार आपणांस पेलणार नाहीं म्हणून दारेंच लावून घेतलीं. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेनें तर न्यायालय गांठलें. स्वयंस्फूर्तीनें लिहिणाऱ्या लेखकांची ओळख पटविण्याचें बंधन आपल्यावर येईल आणि त्यांतील कित्येकांस धोका पोंचेल, ही तिची भीति. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं तिचा अर्ज नामंजूर झाला. मात्र त्या ज्ञानकोशाच्या कामांत मोठा अडथळा आणण्याची मुभा या निकालानें मिळत नाहीं, असेंही न्यायाधीशांनीं बजावलें.

अमेरिकेंतील निकालांचा ओघ पाहण्याजोगा आहे. १९९६ सालीं तेथील काँग्रेसनें इंटरनेटवरील असभ्य मजकुरास आळा घालणारा कायदा केला, तेव्हां पुढल्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचीं मुख्य कलमें रद्द केलीं. मुलांचें रक्षण इष्ट असलें तरी त्यासाठीं प्रौढांचें सर्व बोलणें मुलांस साजेल एवढ्याच मापानें कापतां येत नाहीं, असें त्या निकालाचें सार. परंतु २७ जून २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें टेक्सासचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनीं वैध ठरविला. ज्या संकेतस्थळावरील एकतृतीयांशाहून अधिक मजकूर मुलांस अपायकारक अश्लील स्वरूपाचा आहे, त्यास वयाचा दाखला मागावयास लावणें हा प्रौढांवरील भार केवळ आनुषंगिक होय, असें बहुमतानें म्हटलें. तीन न्यायाधीशांचें म्हणणें असें कीं, प्रौढांस जें पाहण्याचा अधिकार आहे त्यावर भार पडत असेल तर अधिक कठोर कसोटी लावली पाहिजे होती. टेक्सासचा पहारा निदान एका विशिष्ट दुकानाच्या दारावर आहे. मिसिसिपी राज्यानें तो अवघ्या बाजारपेठेच्या वेशीवर बसविला. समाजमाध्यम वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वयाची पडताळणी व्हावी असा तेथील कायदा झाला. तेव्हां ‘ब्लूस्काय’ या लहानशा कंपनीनें ऑगस्ट २०२५ मध्यें, एवढें मनुष्यबळ आपल्यापाशीं नाहीं असें सांगून, त्या राज्यापुरता आपला सर्व व्यवहारच थांबविला. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, असें आपण म्हणतों तें अशा वेळीं. आज अश्लील चित्रांपुरती मान्य झालेली गोष्ट उद्यां सार्वजनिक चर्चेच्या दाराशीं येते.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनें त्यानंतर १८ महिन्यांनीं लागू व्हावयाचीं, अशी त्यांत योजना ठेवण्यांत आली. या कायद्याचा रोख मजकुरावर नाहीं, माहितीच्या वापरावर आहे, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्याच्या ९व्या कलमांत दोन गोष्टी आहेत. मुलांवर पाळत ठेवणें आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविणें यांस मनाई, ही पहिली. तिचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करतों. दुसरी अशी कीं, अठरा वर्षांखालील कोणाचीही माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची पडताळून पाहतां येईल अशी संमति हवी. कसूर झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. दवाखाने, शाळा इत्यादींस नियमांत कांहीं सूट आहे. परंतु समोरचा वापरणारा अठराच्या आंत कीं बाहेर, हें कंपनीनें ओळखावयाचें कसें? शेवटीं तें सर्वांसच विचारावें लागेल, आणि आईबाप म्हणून पुढें येणाऱ्याचीही ओळख पटवावी लागेल. त्यासाठीं डिजिलॉकरसारख्या सोयीचा मार्ग नियमांत दाखविलेला आहे.

अमेरिकेंत अशा संमतीची वयोमर्यादा १९९८च्या कायद्यानें तेरा वर्षांखालीं ठेविली; युरोपांत ती सोळा, आणि राष्ट्रांस ती तेरापर्यंत उतरविण्याची मुभा. आपली मर्यादा अठरा. पुत्र सोळा वर्षांचा झाला कीं त्यास मित्रासारखें वागवावें, असें आपले जुने नीतिकार सांगत आले. नवा कायदा मात्र पांच वर्षांचें पोर आणि सतरा वर्षांची महाविद्यालयीन कन्या यांस एकाच पंक्तीस बसवितो. राज्यघटनेच्या १९व्या कलमानें भाषणाचें स्वातंत्र्य ‘सर्व नागरिकांस’ दिलेलें आहे. मताधिकाराच्या ३२६व्या कलमांत अठरा वर्षांची अट स्पष्ट घातलेली आहे. १९व्या कलमांत तशी अट नाहीं. तेव्हां सतरा वर्षांच्या नागरिकास सार्वजनिक प्रश्नावर चार ओळी लिहिण्यासाठीं खातें उघडावयाचें तर वडिलांची सही आणावी लागावी, ही गोष्ट सहज गिळण्यासारखी नव्हे.

एकत्र कुटुंबांत तर अडचण अधिक गुंतागुंतीची. कायदा एक माणूस, एक यंत्र, एक खातें असें धरून चालतो. आपल्या घरांत मोबाइल आजोबांच्या नांवाचा, खातें काकूंचें, अभ्यास नातवाचा आणि गाणीं सर्वांचीं. तेथें दाखला कोणाचा आणि पाहणारा कोण? आजोबांच्या दाखल्यानें उघडलेलें दार नातवासही उघडेंच राहणार, आणि कागदोपत्रीं मात्र सर्व ठाकठीक. याहून नाजूक गोष्ट अशी कीं, ज्या मुलीस घरांतल्याच एखाद्या वडीलधाऱ्याचा उपद्रव आहे, किंवा जिच्या मनाविरुद्ध विवाहाची बोलणी चालली आहेत, तिनें बाहेर कोठें चार शब्द बोलावयाचे तर परवानगी कोणाची मागावी? आमच्या वाचकांच्या घरीं असें होत नसेल, न होवो. पण कायदा सर्व घरांसाठीं असतो.

शिवाय बोलणाऱ्याचें नांव ठाऊक असलें म्हणजे काय होऊं शकतें, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें दोन तरुणींस अटक झाली. एकीनें मुंबई बंदविषयीं फेसबुकवर कांहीं वाक्यें लिहिलीं होतीं, दुसरीनें त्यांस पसंती दर्शविली होती, एवढाच त्यांचा अपराध. ज्या कलमाखालीं अशी अटक शक्य झाली तें ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. कलम गेलें, परंतु वृत्ति कलमाबरोबर जात नाहीं. तिच्या हातीं प्रत्येक लिहिणाऱ्याच्या दाखल्याची वही देण्यापूर्वीं दहादां विचार केला पाहिजे.

मग काय, मुलांस वाऱ्यावर सोडावें? तसें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पहारा ठेवावा, पण तो अश्लीलतेचा व्यापार करणाऱ्या दुकानांपुरता असावा, वाचनालय व चावडी यांस त्यांत गोवूं नये. दाखला ‘अठरा पूर्ण’ एवढेंच सांगणारा असावा. त्यांत नांव, जन्मतारीख, पत्ता कांहीं नसावें. हें अशक्य नाहीं. युरोपीय संघानें जुलै २०२५ मध्यें अशाच धर्तीच्या ॲपचा नमुना प्रसिद्ध केला आणि पांच देशांत त्याची चांचणी योजिली. तपासणीसाठीं घेतलेलें छायाचित्र किंवा ओळखपत्र काम होतांच नष्ट करणें सक्तीचें असावें, आणि न केल्यास दंड व्हावा. अपायकारक काय हें ठरविण्याचें काम कंपन्यांच्या भीतीवर न सोपवितां कायद्यानेंच नेमक्या शब्दांत सांगावें. पंधरा-सोळा वर्षांवरील मुलांस बोलण्याची व मदत मागण्याची वाट आईबापांच्या संमतीवांचून मोकळी ठेवावी. आणि मुलांना तासन्‌तास खिळवून ठेवणाऱ्या युक्त्यांवर कायद्याचा हात अधिक जड पडावा. त्यानें कोणाची वाणी बंद होत नाहीं, आणि मुलांचें हित मात्र निश्चित साधतें.

राहिला आपला भाग. कायद्याचा दाखला घेतला म्हणून आपलें कर्तव्य सुटत नाहीं. मुलास काय पाहिलेंस असें दरडावून विचारणाऱ्या घरांत मूल लपवावयास शिकतें. काय पाहिलेंस तें मलाही दाखव, असें म्हणणाऱ्या घरांत तें विचारावयास शिकतें. रात्रीं जेवणें झाल्यावर घटकाभर मुलांजवळ बसून त्यांच्या मोबाइलमधील जग त्यांच्याकडूनच समजून घेण्यास कोणत्याही पडताळणीची गरज नाहीं. आणि आपल्या प्रतिनिधींस या नियमांविषयीं प्रश्न विचारणें हेंही घरच्या कर्त्या माणसांचेंच काम आहे. अंमल पुरा बसण्यापूर्वींच तें केलें तर त्याचा कांहीं उपयोग होईल, असें आम्हांस वाटतें.